शेतातल्या मातीसाठी खासदारकी सोडली आणि थेट सम्राटाच्या बग्गीसमोर धावला, जपानच्या शोझो तनाकांची गोष्ट

१० डिसेंबर १९०१. ठिकाण टोकियो.

जपानचे सम्राट मेजी संसदेच्या अधिवेशनाचं उद्घाटन करून राजवाड्याकडे परत निघाले होते. घोडेस्वारांचा कडक बंदोबस्त होता आणि रस्त्याच्या कडेला माणसं माना खाली घालून उभी होती. तेवढ्यात गर्दीतून साठीचा एक म्हातारा बाहेर पडला आणि हातात एक कागद उंच धरून सम्राटाच्या बग्गीकडे धावत सुटला.

त्याला अडवायला एका घोडेस्वारानं घोडा वळवला, तर तो घोड्यासकट खाली आला. म्हाताराही धडपडला. पोलिसांनी त्याला उचललं, कागद जप्त केला आणि बग्गी पुढे निघून गेली. हा सगळा प्रकार काही क्षणांत आटोपला.

हा माणूस म्हणजे शोझो तनाका. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ते जपानच्या संसदेत खासदार होते आणि एकदा नाही, सलग सहा वेळा निवडून आले होते. सम्राटाच्या वाटेत असं आडवं जाणं म्हणजे जिवाशी खेळ होता. बायकोवर बालंट येऊ नये म्हणून त्यांनी तिला घटस्फोटाचा कागद आधीच पाठवून दिला होता, असं सांगतात.

आता एवढं सगळं कशासाठी, तर शेतातल्या मातीसाठी.

तनाकांचा जन्म १८४१ चा. गाव कोनाका, आजच्या तोचिगी प्रांतातलं. टोकियोच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरच्या आत येणारा हा मुलूख. वडील गावचे मुखिया होते. आपल्याकडच्या पाटलासारखंच हे पद, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा आणि वरच्या सरदाराला जाब द्यायचा. विशीच्या आतच हे काम शोझोंकडे आलं. पण वरच्याला जाब देण्यापेक्षा वरच्यालाच जाब विचारण्याची त्यांना खोड होती. सरदाराच्या कारभाऱ्यांशी भांडण झालं आणि त्यांना कोठडीत टाकलं गेलं. उभं राहता येत नाही आणि झोपताही येत नाही, अशी ती कोठडी होती. दहा महिन्यांहून जास्त काळ ते तिथं होते.

बाहेर आले ते थेट देशाच्या उत्तरेला सरकारी नोकरीवर गेले. तिथं त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा खून झाला आणि संशय तनाकांवर आला. पुन्हा तुरुंग, या वेळी जवळपास तीन वर्षं. शेवटी ते निर्दोष सुटले. तेवढ्या काळात त्यांनी तुरुंगात मिळतील ती राजकारणाची आणि अर्थशास्त्राची पुस्तकं वाचून काढली.

गावी परतल्यावर त्यांनी जमिनीच्या व्यवहारात चांगला पैसा कमावला. भाव चढणार हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. कमावलेले पैसे पुढच्या धंद्यात न घालता त्यांनी राजकारणात घातले. वर्तमानपत्र काढलं, प्रांताच्या विधानसभेत निवडून गेले, १८८६ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात एका जुलमी गव्हर्नरशी भिडून आणखी एक तुरुंगवारीही झाली. १८९० मध्ये जपानच्या पहिल्यावहिल्या संसदीय निवडणुकीत ते खासदार झाले.

निवडणूक झाली जुलैमध्ये, आणि लगेच ऑगस्टमध्ये वातारासे नदीला मोठा पूर आला.

ही नदी उगम पावते आशियोच्या डोंगरात आणि पुढे तोचिगी, गुन्मा या प्रांतांच्या सपाट शेतांमधून वाहत मोठ्या तोने नदीला मिळते. पूर तिला नवीन नव्हता. उलट तिच्या काठचे शेतकरी पुराकडे डोळे लावून बसायचे म्हटलं तरी चालेल. वरच्या जंगलातला कुजलेला पालापाचोळा आणि पोयट्याची माती पूर खाली आणून टाकायचा. पाणी ओसरलं की शेतावर बोटभर सुपीक गाळ तयार. कित्येक शेतांना वेगळं खत घालायची गरजच पडायची नाही. नदीच खताची गाडी घेऊन दारात यायची म्हणा ना.

१८९० च्या पुरानं मात्र उलटंच केलं. गाळ आला, पण त्या गाळातून पीकच वर येईना. भाताची रोपं पिवळी पडली. त्यानंतर पेरलेल्या जवाची आणि गव्हाची मुळं जमिनीत धरेनात. काठावरची बांबूची बनं वाळून गेली. मासे तर चार-पाच वर्षं आधीपासूनच मरून तरंगत होते. १८८५ मध्ये नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी छापूनही आली होती. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नव्हतं.

आता नदीच्या उगमाकडे चला.

आशियोच्या डोंगरात तांब्याची जुनी खाण होती, सतराव्या शतकापासूनची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळपास संपल्यात जमा होती. १८७७ मध्ये इचिबेई फुरुकावा नावाच्या व्यापाऱ्यानं ती विकत घेतली. लोक त्याला वेड्यात काढत होते. पण पुढच्या सात वर्षांत तिथं तांब्याच्या दोन जबरदस्त शिरा सापडल्या आणि आशियो जपानची सगळ्यात मोठी तांब्याची खाण बनली. जगभर तेव्हा टेलिग्राफच्या आणि विजेच्या तारांचं जाळं विणलं जात होतं, त्यामुळे तांब्याला सोन्यासारखी मागणी होती. जपानला परदेशातून तोफा, जहाजं, यंत्रं घ्यायची होती आणि त्यासाठी लागणारं परकीय चलन तांबं मिळवून देत होतं. या खाणीतून उभा राहिलेला फुरुकावा उद्योगसमूह पुढे इतका वाढला की आजची फुजीत्सू कंपनीसुद्धा त्याच घराण्याच्या वंशावळीत बसते.

म्हणजे एका बाजूला देशाची तिजोरी होती आणि दुसऱ्या बाजूला खालच्या गावांमधली खाचरं.

खाणीनं नेमकं केलं काय, तर तीन गोष्टी एकाच वेळी केल्या आणि तिन्ही एकमेकींना जोडलेल्या होत्या.

खाणीला लाकूड लागतं. बोगद्यांना टेकू द्यायला लागतं आणि भट्टीसाठी कोळसा करायलाही लागतं. त्यामुळे आजूबाजूचे डोंगर भराभर तोडले गेले. दुसरी गोष्ट धुराची. आशियोच्या खनिजात तांब्याबरोबर गंधकही होतं. ते भट्टीत भाजलं की सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तो दरीत साचायचा आणि पावसात मिसळून आम्ल होऊन खाली यायचा. जी झाडं कुऱ्हाडीतून वाचली ती या धुरानं मेली. खाणीच्या वरच्या बाजूचं मात्सुगी नावाचं गाव तर धुरानं इतकं होरपळलं की १९०२ पर्यंत ते ओस पडलं. तिथं आधी रेशमासाठी तुतीची लागवड व्हायची. तुती गेली, मग जनावरं गेली आणि शेवटी माणसंही गेली.

तिसरी गोष्ट म्हणजे खनिज धुतल्यावर उरणारा चुरा आणि टाकाऊ दगड. हा सगळा माल नदीकाठी ढीग करून ठेवलेला असायचा. त्यातल्या गंधकाला हवा आणि पाणी मिळालं की गंधकाचं आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल उरलंसुरलं तांबं विरघळवून पाण्यात सोडतं.

आता डोंगर उघडाबोडका झाल्यावर पाऊस थोपवून धरायला काहीच उरलं नाही. पाणी धाडकन खाली यायचं आणि येताना डोंगराची माती, आम्ल आणि तांब्याचा चुरा सगळं घेऊन यायचं. पूर आधीपेक्षा मोठे झाले आणि आधीपेक्षा जास्त वेळा यायला लागले. जंगल होतं तोवर जो पूर खत आणत होता, तोच आता विष आणत होता.

इथं कुणीही विचारेल, तांबं एवढं वाईट असतं का? आपल्याकडे द्राक्षबागायतदार वर्षानुवर्षं मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचंच क्षार. आणि झाडाला जगायला थोडं तांबं लागतंच.

खरंय, पण थोडं. बोर्डो मिश्रण बुरशी मारतं ते तांब्यामुळेच. जी गोष्ट पानावरची बुरशी मारते ती प्रमाणाबाहेर मातीत गेली की मातीतले उपयोगी सूक्ष्मजीवही मारते. नत्र बांधून ठेवणारे जिवाणू, पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशा, गांडुळं, सगळ्यांना तांब्याची बाधा होते. मग काडीकचरा कुजत नाही, माती भुसभुशीत राहत नाही. पिकाची मुळं आखूड आणि जाड राहतात, त्यांना बारीक फाटे फुटत नाहीत. लोह घेता येत नाही म्हणून पानं पिवळी पडतात. वरून बघणाऱ्याला वाटतं की पाणी कमी पडलंय, पण खरा बिघाड मुळाशी झालेला असतो.

त्यात सगळ्यात त्रासदायक म्हणजे तांबं मातीतून सहजासहजी जात नाही. मीठ चार पावसात धुवून खाली जाईल. तांबं मातीच्या चिकण कणांना आणि सेंद्रिय भागाला घट्ट चिकटून बसतं, आणि तेही वरच्या थरात, जिथं मुळं असतात. म्हणजे दर पुरात आधीच्या हिशेबात नवी भर पडायची, वजाबाकी काही व्हायची नाही. शिवाय माती आम्लधर्मी झाली की हे तांबं जास्त सुटं होतं आणि मुळांना जास्त लागतं. आशियोच्या पाण्यात आम्ल आणि तांबं दोन्ही एकत्रच यायचं.

वातारासेच्या काठी आणखी एक प्रकार दिसायचा. भातापेक्षा हिवाळ्यातलं जव आणि गहू लवकर मार खायचे. भाताच्या खाचरात पाणी तुंबलेलं असतं, मातीत हवा नसते, आणि अशा स्थितीत बरंचसं तांबं गंधकाशी बांधलं जाऊन गप्प बसतं. भात कापला, पाणी काढलं, माती वाळली, हवा आत शिरली की तेच तांबं पुन्हा मोकळं होतं. नेमका तेव्हाच जवाचा पेरा. शेतकऱ्याला यातलं रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण कुठल्या हंगामात घात होतो हे त्याला पक्कं कळत होतं.

भातातही शेताच्या तोंडाशी, जिथून पाटाचं पाणी आत येतं त्या दाऱ्यापाशी, रोपं सगळ्यात खुरटी असायची. आत जावं तशी ती जरा बरी दिसायची. कारण विषारी गाळ आधी तोंडाशीच खाली बसायचा. मग शेतकऱ्यांनी काय केलं, तर दाऱ्यापाशी खड्डा खणून गाळ तिथंच अडवायला सुरुवात केली. काहींनी शेताचा वरचा थर खरवडून कोपऱ्यात ढीग घातले. अशा ढिगांना लोक विषाच्या टेकड्या म्हणायचे. विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या जी वरची माती जपली तीच खोऱ्यानं ओढून बाजूला टाकायची. आधीच तुकड्यातुकड्यांची शेती, त्यात हे ढीग जागा खाणार.

या सगळ्याला पुरावा हवा होता. शेतकऱ्यांनी मातीचे आणि पाण्याचे नमुने टोकियोच्या कृषी महाविद्यालयात नेले. तिथं योशिनाओ कोझाई नावाचे तरुण प्राध्यापक होते. त्यांनी नमुने तपासले आणि पिकं मरण्यामागे तांब्याची संयुगं आहेत असं स्पष्ट लिहून दिलं. सरकारचा नोकर असलेल्या शास्त्रज्ञानं देशातल्या सर्वात मोठ्या खाणीविरुद्ध असं लिहिणं ही छोटी गोष्ट नव्हती. हेच कोझाई पुढे टोकियो विद्यापीठाचे कुलपती झाले.

डिसेंबर १८९१ मध्ये तनाकांनी हा प्रश्न संसदेत पहिल्यांदा मांडला. त्यांचा मुद्दा साधा होता. नव्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमानं नागरिकाच्या मालमत्तेला संरक्षण दिलंय. लोकांच्या हिताला बाधा आली तर खाणीचा परवाना रद्द करता येतो, असं खाणकामाचा कायदाही सांगतो. मग सरकार गप्प का?

सरकार गप्प का, याचं एक उत्तर फार लांब शोधावं लागत नव्हतं. खाणी ज्यांच्या खात्यात येतात ते कृषी आणि वाणिज्य मंत्री होते मुनेमित्सु मुत्सु. त्यांचा धाकटा मुलगा फुरुकावांनी दत्तक घेतलेला होता. मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं, त्याचा अर्थ असा की पिकांचं नुकसान झालंय हे खरं, पण त्याचं कारण अजून निश्चित नाही, आणि खाण काळजी घेते आहे. हे उत्तर १८९१ चं आहे, पण कुठल्याही वर्षाचं म्हणून खपलं असतं.

मग सुरू झाला तोडगा काढायचा प्रकार. फुरुकावांकडून शेतकऱ्यांना थोडेफार पैसे द्यायचे आणि त्यांच्याकडून लिहून घ्यायचं की जून १८९६ पर्यंत तक्रार करणार नाही. तोवर खाणीत चुरा पकडणारी नवी यंत्रं बसतील, असं आश्वासन. घरात दाणा नसलेल्या माणसानं सही केली तर त्याला दोष कसा देणार? काही ठिकाणी तर कायमची तक्रार सोडून देण्याचे करार झाले. १८९४ मध्ये चीनशी युद्ध सुरू झालं आणि तनाकाही काही काळ या विषयावर शांत राहिले.

मुदत संपली आणि निसर्गानंच हिशेब मागितल्यासारखं झालं. १८९६ च्या जुलै आणि सप्टेंबरमध्ये एकामागून एक पूर आले. सप्टेंबरचा पूर तर भयानक होता, पाणी टोकियोच्या वेशीपर्यंत पोचलं. यंत्रं बसवून काहीही फरक पडला नव्हता हे गाळानंच सांगितलं.

आता तनाका पेटले. उनर्यूजी नावाच्या देवळात त्यांनी आंदोलनाचं कार्यालय थाटलं. मार्च १८९७ मध्ये हजारो शेतकरी पायी टोकियोकडे निघाले. पोलिसांनी वाटेत अडवलं तरी बरेच जण पोचले. तेव्हाचे मंत्री ताकेआकी एनोमोतो स्वतः गावांमध्ये गेले, शेतं पाहिली, परत आले आणि काही दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. सरकारनं चौकशी समिती नेमली आणि मे १८९७ मध्ये फुरुकावांना ३७ कलमांचा आदेश दिला. गाळ बसवण्यासाठी तलाव बांधा, पाणी गाळा, धुरातलं गंधक काढा, मुदतीत काम केलं नाही तर खाण बंद.

फुरुकावांनी बक्कळ पैसा ओतून कामं वेळेत पूर्णही केली. पण पुढच्याच वर्षी पावसात गाळाचा तलाव फुटला. धुरातलं गंधक काढण्याचं तंत्र तर तेव्हा नीट जमलेलंच नव्हतं. ते आशियोत खऱ्या अर्थानं जमलं १९५६ मध्ये, फिनलंडचं तंत्रज्ञान आणल्यावर. म्हणजे आदेशानंतर जवळपास साठ वर्षांनी.

सरकारनं आणखी एक उपाय केला. विषबाधित जमिनींचा सारा माफ केला. ऐकायला बरं वाटतं. पण त्या काळी जपानमध्ये मत देण्याचा हक्क फक्त ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांना होता. सारा माफ झाला आणि हजारो शेतकऱ्यांचा मताधिकारही गेला. गावांचं उत्पन्न आटलं, त्यामुळे शाळा आणि रस्त्यांचे पैसेही बंद. माती मेली की फक्त पीक जातं असं आपण धरून चालतो. इथं नागरिकत्वाचा एक तुकडाही तिच्यासोबत गेला.

तनाका संसदेत बोलत राहिले. आवाज मोठा, कपडे चुरगळलेले, दाढी वाढलेली. वर्तमानपत्रं त्यांची टिंगल करायची, काही खासदार हसायचे. १८९९ मध्ये खासदारांचा भत्ता ८०० येनवरून २००० येनवर नेण्याचा कायदा आला तेव्हा त्यांनी विरोध केला, आणि तो मंजूर झाल्यावर आपला सगळाच भत्ता नाकारला. वाढीव रक्कम नाही, सगळा.

१३ फेब्रुवारी १९०० ला शेतकऱ्यांचा चौथा मोर्चा निघाला. तोने नदीच्या काठी कावामाता इथं पोलिसांनी तो गाठला आणि निःशस्त्र लोकांना बेदम मारलं. ५१ जणांवर खटले भरले. चार दिवसांनी तनाकांनी संसदेत सरकारला विचारलं की आपण देश बुडवतोय हे तुम्हाला कळतंय की नाही. हे भाषण जपानच्या संसदेच्या इतिहासातल्या गाजलेल्या भाषणांमध्ये मोजलं जातं. पंतप्रधान आरितोमो यामागाता यांनी प्रश्नाचा अर्थच कळत नाही अशा थाटाचं उत्तर देऊन विषय संपवला.

या खटल्याच्या सुनावणीतला एक किस्सा जपानमध्ये आजही सांगितला जातो. सरकारी वकील शेतकऱ्यांविरुद्ध बोलत असताना प्रेक्षकांत बसलेल्या तनाकांनी मोठ्यानं जांभई दिली. न्यायालयाच्या अवमानाचा गुन्हा दाखल झाला आणि या जांभईसाठी ते १९०२ मध्ये चाळीसेक दिवस तुरुंगात बसले. तिथं त्यांनी बायबलचा नवा करार वाचला आणि तो पुढे त्यांच्या झोळीत कायम राहिला. शेतकऱ्यांवरचा खटला मात्र त्याच वर्षी कागदपत्रांतल्या तांत्रिक चुकीमुळे निकालात निघाला.

ऑक्टोबर १९०१ मध्ये तनाकांनी खासदारकीचा राजीनामा दिला. संसदेत दहा वर्षं बोलून झालं होतं. शेवटचा एकच दरवाजा उरला होता, सम्राटाचा. अर्जाचा मसुदा लिहून दिला शुसुई कोतोकु या तरुण पत्रकारानं. (याच कोतोकुंना दहा वर्षांनी राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशी झाली.) तनाकांनी मसुद्यात स्वतःच्या हातानं दुरुस्त्या केल्या, प्रत्येक दुरुस्तीवर शिक्का मारला, आणि १० डिसेंबरला ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

शिक्षा झाली असती तर देशभर खटला गाजला असता. सरकारनं त्याहून हुशारी केली. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं ठरवून त्यांना सोडून दिलं. अर्ज सम्राटापर्यंत पोचलाच नाही.

पण बातमी सगळीकडे पोचली. टोकियोतले शेकडो विद्यार्थी शेतं बघायला गावांमध्ये आले. सभा झाल्या, मदत गोळा झाली. सरकारला १९०२ मध्ये दुसरी समिती नेमावी लागली. तिचा निष्कर्ष असा होता की मातीतलं बहुतेक तांबं १८९७ च्या आदेशाच्या आधीचं आहे, म्हणजे खाणीचा आताचा दोष कमी, आणि खरा प्रश्न पुराचा आहे. म्हणून पुराचं पाणी साठवायला एक मोठा जलाशय करा.

बघा, विषय कसा फिरला. प्रदूषणाचा प्रश्न पूरनियंत्रणाचा झाला. आणि जलाशयासाठी निवडलेली जागा म्हणजे यानाका नावाचं गाव, जिथली माणसं या आंदोलनात सगळ्यात पुढे होती. साधारण साडेचारशे घरांचं हे गाव नद्यांच्या संगमावर वसलेलं होतं.

रशियाशी युद्ध सुरू असताना, १९०४ च्या डिसेंबरात, तोचिगीच्या विधानसभेनं रात्रीच्या गुप्त बैठकीत गाव विकत घ्यायला मंजुरी दिली. त्याआधीच, जुलैमध्ये, ६२ वर्षांचे तनाका आपला बाडबिस्तरा घेऊन यानाकात राहायला गेले होते. गाव मुद्दाम मोडलं जात होतं. फुटलेला बांध दुरुस्त होत नव्हता आणि लोकांनी स्वतः बांधलेला बांध प्रशासन तोडत होतं. एकेक कुटुंब पैसे घेऊन निघून जात होतं. काही जण तर पार होक्काइदोच्या थंडीत जाऊन वसले. १९०६ मध्ये गावाचं नाव सरकारी नकाशावरून पुसलं गेलं. १९०७ च्या उन्हाळ्यात उरलेली सोळा घरं पोलिसांच्या बंदोबस्तात पाडली. त्या लोकांनी पडलेल्या घरांच्या जागी झोपड्या बांधल्या आणि ते तिथंच राहिले. तनाकाही त्यांच्याबरोबर पावसात भिजत होते.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी. गावात आले तेव्हा तनाका पुढारी म्हणून आले होते, लोकांना शिकवायला. झोपड्यांमधल्या त्या माणसांना बघून मात्र आपणच यांच्याकडून शिकायचंय, असं त्यांनी डायरीत वारंवार नोंदवलंय. भल्याभल्या कार्यकर्त्यांना हे आयुष्यभर जमत नाही.

शेवटची काही वर्षं त्यांनी नद्यांच्या काठानं पायपीट करण्यात घालवली. या गावात पाणी किती चढलं, त्या गावात किती, आधी किती चढायचं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून ते लिहून ठेवायचे. त्यांचं म्हणणं होतं की विषारी पाणी टोकियोकडे जाऊ नये म्हणून सरकारनं खालच्या बाजूला नदीचं तोंड अरुंद केलं आणि त्यामुळेच पाणी उलटं फिरून वातारासेच्या गावांत शिरतं. नदीला भिंत घालून प्रश्न सुटत नाही, आधी डोंगरावर झाडं हवीत, हे ते १९१० च्या आसपास सांगत होते. १९१० मध्येच सगळ्या कांतो प्रदेशात प्रचंड पूर आला.

४ सप्टेंबर १९१३ ला, अशाच एका फिरतीत आजारी पडून, एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचं निधन झालं. जमीनजुमला सगळा आंदोलनात गेला होता. मागे उरली एक झोळी. त्यात नवा करार, देशाची राज्यघटना, डायऱ्या, नद्यांवरच्या टिपणाचा अर्धवट मसुदा, थोडं नदीतलं शेवाळ, नाक पुसायचे कागद आणि तीन दगडगोटे. अंत्यसंस्काराला हजारो माणसं आली. अस्थी कुणी न्यायच्या यावरून गावांमध्ये चढाओढ लागली आणि शेवटी त्या वाटून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या गेल्या.

खाण चालूच राहिली. १९५८ मध्ये खाणीच्या गाळाचा आणखी एक बंधारा फुटला आणि ओता शहराजवळच्या भाताच्या खाचरांमध्ये विषारी चिखल पसरला. शेतकरी पुन्हा उभे राहिले. १९७० मध्ये जपाननं शेतजमिनीच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याखाली खाचराच्या मातीत किलोमागे १२५ मिलिग्रामपेक्षा जास्त तांबं आढळलं तर ती जमीन प्रदूषित धरायची, असं पुढे ठरलं. १९७१ मध्ये या भागातल्या तांदळात कॅडमियमही सापडलं. १९७३ मध्ये खाण बंद झाली. १९७४ मध्ये कंपनीनं शेतकऱ्यांना दीड अब्ज येनहून जास्त भरपाई देण्याचं मान्य केलं. पहिल्या तक्रारीनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी खाणीची जबाबदारी कागदावर आली. पुढे बऱ्याच खाचरांत वरची माती काढून बाहेरून नवी माती भरावी लागली. विषाच्या टेकड्या रचणाऱ्या शेतकऱ्यांनी खोऱ्यानं जे केलं होतं, तेच आता सरकारी खर्चानं यंत्रांनी झालं.

यानाकाच्या जागेवर आज मोठा जलाशय आणि लव्हाळ्यांची पाणथळ जमीन आहे. २०१२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. तनाकांचा तो जप्त झालेला अर्ज आता सानो शहराच्या संग्रहालयात असतो. २०१४ मध्ये सम्राट अकिहितो तिथं गेले आणि त्यांनी तो पाहिला. आशियोच्या डोंगरांवर शाळेतली मुलं आणि स्वयंसेवक अजूनही पाठीवर मातीच्या पिशव्या घेऊन चढतात, कारण तिथं झाड लावायचं तर आधी माती वर न्यावी लागते.

आणि मार्च २०११ च्या भूकंपात आशियोच्या जुन्या गाळाचा एक ढिगारा घसरला. त्यानंतर वातारासेच्या पाण्यात शिशाचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. तेव्हा खाण बंद होऊन ३८ वर्षं झाली होती.